‘बकध्यान लावणे’ म्हणजे नेमकं काय? बगळा ढोंगी कसा ठरला?

एखादा माणूस वरवर अगदी शांत, साधा दिसतो. पण मनात मात्र भलताच डाव शिजत असतो. अशा माणसाबद्दल ‘बकध्यान लावून बसलाय’ असं म्हटलं जातं. पण कपटासाठी बगळ्याचंच नाव का घेतात?

अर्थ काय?

‘बक’ हा बगळ्यासाठीचा संस्कृत शब्द. बगळा उथळ पाण्यात न हलता उभा राहतो. लांबून तो ध्यानाला बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याची नजर माशावर असते. काहीच हालत नसल्याने मासा बेसावधपणे जवळ येतो आणि क्षणात चोचीत सापडतो. म्हणूनच सज्जनपणाचा आव आणून संधीची वाट पाहणं म्हणजे बकध्यान. घात झाल्यावर ‘केसाने गळा कापला’ असं आपण म्हणतो. बकध्यान ही घाताआधीची तयारी असते.

तळ्याकाठी दिसणाऱ्या भुऱ्या बगळ्याचं तर मराठी नावच ‘वंचक’, म्हणजे फसवणारा, असं आहे. बसलेला असताना तो मातकट दिसतो आणि उडताच त्याचे पांढरेशुभ्र पंख दिसतात.

उगम कुठला?

ढोंगी बगळ्याची ही प्रतिमा फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दांभिक माणसाच्या वागण्याला ‘बकव्रत’ म्हटलं आहे. पंचतंत्रातील ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात बगळा आणि खेकड्याची गोष्ट येते. म्हातारा झालेला बगळा तळ्याकाठी रडत बसतो. बारा वर्षांचा दुष्काळ पडणार, असं सांगून तो माशांना घाबरवतो आणि दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडतो म्हणतो. वाटेत एका खडकावर तो एकेका माशाला फस्त करतो. शेवटी खेकड्याला खडकावर हाडांचा ढीग दिसतो आणि तो नांगीने बगळ्याची मान तोडतो.

आजचं बकध्यान

आधी भीती घालायची, मग मदतीचा हात पुढे करायचा, ही बगळ्याची युक्ती आजही चालते. ‘डिजिटल अरेस्ट’च्या फसवणुकीत भामटे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालतात आणि सुटकेचा मार्ग म्हणून पैसे मागतात. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच नाही. असा कॉल आल्यास तो लगेच बंद करावा. पैसे गेले असल्यास १९३० या हेल्पलाइनवर तातडीने तक्रार करावी.