आज्ञावलीतील पुनर्वापराचा घटक आणि मराठीचे सामान्यरूप

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे आज सर्वश्रुत आहे. व्यवहारात ज्यांना प्रोग्रॅम म्हणतात, त्या संगणकीय आज्ञावली रचणे हा तेथील कार्यालयांचा मुख्य उद्योग होय. या उद्योगातील एक मूलभूत प्रयत्न असा, की एकदा सोडविलेला प्रश्न पुन्हा सोडवावा लागू नये. त्यासाठी आज्ञावलीचे असे घटक घडविले जातात, की जे एका कामासाठी रचले तरी दहा कामांत बसविता यावेत. ही विद्या बहुधा पुस्तकावरून शिकली जाते. पुस्तक येथे काय देऊ शकते आणि कोठे थांबते, हे मराठी व्याकरणातील एका परिचित उदाहरणाच्या आधारे पाहावयाचे आहे.

या विद्येचा आणि पुस्तकाचा संबंध फार जुना आहे. केंब्रिज विद्यापीठातील एड्सॅक हा संगणक १९४९ मध्ये चालू झाला. त्याच्या अनुभवावरून मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये आज्ञावली-लेखनावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या विषयावरील अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी एक होय. पुन्हा पुन्हा उपयोगी पडणाऱ्या लहान आज्ञावलींचा संग्रह हाच त्याचा गाभा होता. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी कारखान्यातील सुट्या भागांप्रमाणे आज्ञावलीचेही घटक तयार मिळावेत, अशी कल्पना मांडली. पुढे १९९४ मध्ये गॅमा, हेल्म, जॉन्सन व व्ह्लिसिडीस या चौघांच्या ग्रंथाने अशा रचनांचे २३ नमुने नामनिर्देशपूर्वक सांगितले. या परंपरेतील मुख्य शिकवण थोडक्यात अशी : घटकाचे बाह्य स्वरूप आणि अंतर्गत रचना ही वेगळी ठेवावी. वापरणाऱ्यास केवळ पहिले कळले म्हणजे पुरे.

आता उदाहरण घेऊ. समजा, प्रवाशांना मराठीत सूचना देणारी आज्ञावली रचावयाची आहे : ‘आपली बस अमुक गावात पोहोचली आहे.’ नवशिका अभियंता गावाच्या नावापुढे ‘त’ जोडणारा एक लहानसा घटक लिहितो आणि जवळच्याच नावांवर त्याची परीक्षा घेतो. हिंजवडी, हिंजवडीत, मुळशी, मुळशीत, ताम्हिणी, ताम्हिणीत. सर्व रूपे बिनचूक येतात व घटक सिद्ध झाला असे त्याला वाटते. परंतु बस पुढे गेली, की पडद्यावर ‘पुणेत’, ‘सातारात’, ‘कोल्हापूरत’ अशी रूपे उमटू लागतात. ईकारान्त स्त्रीलिंगी नामाचे एकवचनी सामान्यरूप अशा नावांत मूळ रूपासारखेच राहते. या योगायोगास अभियंत्याने नियम मानले, एवढाच त्याचा अर्थ.

दोष शोधू लागल्यावर प्रथम ध्यानात येते, की घटकाची सीमाच चुकीच्या ठिकाणी आखली गेली होती. ‘पुण्यात’, ‘पुण्याला’, ‘पुण्याहून’, ‘पुण्यामध्ये’ या चारही रूपांत समान आहे ते ‘पुण्या’. म्हणजे नामाचे सामान्यरूप सिद्ध करणे हे एक काम आणि त्यास प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडणे हे दुसरे. ही दोन वेगळी केली, की पहिला घटक बसच्या सूचनेत, पत्रावरील पत्त्यात, बँकेच्या संदेशात सर्वत्र चालू शकतो. नेमके कोठे कापावे, हे मात्र प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाने सांगितलेले नसते. ते भाषेचे व्याकरणच सांगते.

दुसरा प्रश्न घटकास कोणती माहिती पुरवावयाची, हा होय. केवळ शब्द दिल्याने भागत नाही. ‘सातारा’ आणि ‘अमेरिका’ ही दोन्ही नावे आकारान्त. पण पहिले पुल्लिंगी असल्याने ‘साताऱ्यात’ आणि दुसरे स्त्रीलिंगी असल्याने ‘अमेरिकेत’. तेव्हा लिंग सांगणे आवश्यक ठरते. ‘जमीन’ या शब्दातील दीर्घ ‘ई’ ‘जमिनीत’ या रूपात ऱ्हस्व होते, परंतु ‘शरीर’ हा तत्सम शब्द ‘शरीरात’ या रूपात आपला दीर्घ स्वर सोडत नाही. तेव्हा शब्दाचे मूळही सांगावे लागते. शिवाय ‘कोल्हापुरात’ असे म्हणणारा मराठी माणूस ‘कोल्हापूरला’ असेही म्हणतो. म्हणजे पुढे येणारा प्रत्ययही ठाऊक हवा. शब्द, लिंग, मूळ व प्रत्यय हे या घटकाचे खरे बाह्य स्वरूप होय.

लिपीच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. मराठीत हा भेद अर्थभेदक आहे. हिंदीस त्याची गरज भासत नाही. म्हणून हिंदीसाठी रचलेला व तेथे निर्दोष ठरलेला देवनागरी घटक तसाच उचलून मराठीत बसविला, तर स्वयंपाकी आचार्यपदी जाऊन बसण्याचा संभव आहे. घटकात दोष नसतो. त्याचे एक गृहीत नव्या ठिकाणी खोटे ठरलेले असते.

असे गृहीत न तपासल्याने काय घडू शकते, याचे विख्यात उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. त्या दिवशी एरियान ५ हा युरोपीय अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावलीचा एक भाग एरियान ४ मधून आणलेला होता. जुन्या अग्निबाणाचा आडवा वेग ज्या मर्यादेत राहत असे, ती नव्याने ओलांडली. त्या वेगाशी निगडित संख्या ३२,७६७ हून मोठी झाली आणि तिच्यासाठी राखलेल्या जागेत ती मावली नाही. जुन्या अग्निबाणावर त्या भागाने बिनतक्रार काम केले होते.

यावरून पुस्तकाची मर्यादा आणि महत्त्व दोन्ही स्पष्ट होतात. घटकास आकार कसा द्यावा, त्याची बाह्य व अंतर्गत अंगे कशी वेगळी करावी, हे पुस्तकातून उत्तम शिकता येते. घटक कशाविषयी आहे, त्याचे ज्ञान मात्र त्या विषयाकडूनच मिळवावे लागते. म्हणून पुस्तक वाचून पहिला घटक घडविणाऱ्याने त्याच्या माथ्यावर दोन ओळी अवश्य लिहाव्या : हा घटक काय करतो, आणि काय खरे असल्यासच करतो. पहिली ओळ बहुतेक जण लिहितात. घटक दुसऱ्याच्या हाती निर्धास्तपणे देता येईल की नाही, हे दुसरीवर अवलंबून असते. हिंजवडीतील पडद्यावर ‘पुण्यात’ हा शब्द शुद्ध उमटावयाचा, तर अभियंत्यास व्याकरणकाराच्या दारी जावे लागेल. आणि व्याकरणकारासही आपले नियम संदिग्धता न ठेवता मांडण्याची सवय करावी लागेल.