औशाच्या लेकीने पाहिलेला वाइनचा मुलूख

सकाळी नांदेडहून सुटणारी तपोवन एक्सप्रेस संध्याकाळी नाशिक रोडला पोचवते. मी फेब्रुवारीत एकटीच गेले, कारण तेव्हा तोडणी चालू असते. माझं माहेर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं, द्राक्षवाल्यांचं. त्यामुळे वाइन चाखण्याआधी मला बाग पाहायची होती.

नाशिक शहराबाहेर, गंगापूर धरणाच्या बाजूला सुला या वाइन कंपनीच्या बागा आहेत. सुलाचे संस्थापक राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून १९९०च्या दशकात इथल्या घरच्या जमिनीवर आले; त्यांची पहिली वाइन २००० साली निघाली. त्याआधी १९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला वाइन करून दाखवली होती. २००१मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि दिंडोरी, निफाड, इगतपुरीपर्यंत वायनरी उभ्या राहिल्या.

माहेरी आम्ही घडांची विरळणी करतो, जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात घड बुडवतो, मणी फुगवतो. गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी घेतं. इथला शिराझ या वाइनच्या द्राक्षाचा मणी मात्र बारीक, बियांचा, जाड सालीचा. गर बिनरंगाचा असतो. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. मणी जितका लहान, तितकं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त.

छाटणी आपल्यासारखीच दोनदा: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. युरोपात वेली हिवाळाभर निजलेल्या असतात आणि तोडणी साधारण ऑगस्टपासून सुरू होते. आपल्याकडे वेलीला तशी झोप नाही, म्हणून फळ कोरड्या दिवसांत धरतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. दिवसाच्या उन्हाने साखर चढते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो.

पांढऱ्या वाइनसाठी रस आधी पिळून घेतात, लाल वाइन सालींसकट आंबवतात. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल तयार होतं. चाखायला आधी पांढरी शेनिन ब्लां दिली, मग लाल शिराझ. शिराझचा घोट घेतला आणि बागेत चघळलेल्या सालीचीच तुरट चव जिभेवर आली.

“एकट्याच आलात का, ताई?” असं बऱ्याच जणांनी विचारलं. बायकांनी बिनधास्त जावं. चाखण्यात घोट लहान असतात, सांगणारा माणूस सोबत असतो, नको असलेली वाइन ओतून द्यायला भांडं असतं. परतीची गाडी तेवढी आधी ठरवावी आणि पोटात काहीतरी घालून जावं.

माझ्या मनात घर केलं ते करारांनी. वायनरी शेतकऱ्यांशी अनेक वर्षांसाठी करार करतात, त्यामुळे माल कुठे जाणार हे तोडणीआधीच ठरलेलं असतं. धोकाही आहे. २००८च्या मंदीनंतर मागणी घसरली, तेव्हा अनेकांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. पाण्याचा प्रश्न तर आपल्या उंबऱ्याशी आहे. गंगापूर धरणात अडलेली गोदावरीच पुढे जायकवाडीला आणि आमच्या नांदेडच्या विष्णुपुरी धरणाला येते. वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं यावर दर दुष्काळात भांडण पेटतं. २०१६मध्ये रेल्वेने आणलेलं पाणी प्यायलेल्या लातूरने नाशिकची नक्कल करावी, असं मी म्हणणार नाही.

पण पिकाशेजारी कारखाना, कारखान्याशेजारी पाहुणे आणि शेतकऱ्याच्या हातात लेखी करार, ही सांगड आपल्या द्राक्षांसाठी, सोयाबीनसाठी, तुरीसाठीही घालता येईल. औशाच्या पोरापोरींनी ऐन तोडणीत नाशिकला जावं, ग्लासाआधी बाग पाहावी आणि तिथल्या शेतकऱ्याला कराराची कलमं विचारावीत.