मालवणच्या किनाऱ्यावरील मुक्काम

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर साध्या निवासगृहात उतरू इच्छिणाऱ्यांनी प्रथम ऋतूचा विचार करावा. खोलीचे भाडे हा नंतरचा प्रश्न होय. इ. स. १६६४ मध्ये उभारणीस प्रारंभ झालेला सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर असल्याने तेथे होडीनेच जावे लागते, आणि पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. त्या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरही बंदी असल्याने ताटातील ताजी मासळी दुर्मिळ होते. समुद्रस्नान तर कटाक्षाने टाळावे. खवळलेल्या लाटांचा परतीचा प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यासही आत ओढतो. शालेय सहली नेणाऱ्या शिक्षकांनी याची विशेष दखल घ्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सुखाचे. मात्र नाताळच्या सुट्टीत खोल्या आगाऊ राखून ठेवणे इष्ट. कोकण रेल्वेच्या कुडाळ स्थानकावर उतरून पुढे एस. टी. बसने मालवण गाठता येते.