भरतीपुढे मुंबईची पातमुखे

भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की मुंबई तुंबते. याचे कारण शहराच्या रचनेतच आहे. पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या १८६ पातमुखांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. १३५ त्या पातळीच्या वर, मात्र भरतीरेषेच्या खाली आहेत. भरतीतही मोकळी राहणारी पातमुखे अवघी ६!

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळल्यानंतर 'ब्रिमस्टोवॅड' प्रकल्पाला गती आली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह आदी ठिकाणी उदंचन केंद्रे उभारण्यात आली. भरतीच्या वेळी दरवाजे बंद करून पाणी पंपाने समुद्रात सोडायचे, ही त्यांची कार्यपद्धती. हिंदमाता परिसरासाठी भूमिगत साठवण टाक्या बांधण्यात आल्या. मार्च २०२२ मध्ये महापालिकेने वातावरण कृती आराखडा जाहीर केला. त्याच्या ६ विषयांत पूरनियंत्रणाचाही समावेश आहे.

परंतु समुद्राची पातळी जसजशी वाढेल, तसतसा पाणी आपोआप वाहून जाण्याचा अवधी घटेल आणि पंपांवरील भार वाढेल. पंप पाणी उपसतात, मुरवत नाहीत. ते काम खारफुटी, मिठागरे आणि नदीपात्रे करतात. त्यामुळे या जागा मोकळ्या ठेवायच्या की बांधकामाला द्यायच्या, यावरच आराखड्याचे यश अवलंबून राहील.