अपघाती मृत्यूचा दावा आणि इजेचा दावा

पनवेल तालुक्यातील शेतकऱ्याला आज खाचरातून खळ्यावर जातानाही एखादा मोठा रस्ता ओलांडावा लागतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, जुना पुणे रस्ता, येथूनच गोव्याकडे निघणारा राष्ट्रीय महामार्ग आणि न्हावा-शेवा बंदराकडे जाणारी कंटेनरची वाहतूक या सर्वांच्या मध्ये येथील भातशेती सापडली आहे. साहजिकच गावातील माणूस अपघातात सापडण्याचे प्रसंग येतात आणि अशा वेळी सल्ल्यासाठी लोक प्रथम गावपातळीवरील कार्यकर्त्याकडेच धाव घेतात. जुलै २०२४ मध्ये, आषाढी एकादशीच्या तोंडावर, डोंबिवली परिसरातून पंढरपुरास निघालेली वारकऱ्यांची बस पनवेलजवळ द्रुतगती मार्गावर एका ट्रॅक्टरला धडकून खड्ड्यात कोसळली. पाच माणसे दगावली व चाळीसहून अधिक जखमी झाली. अशा एकाच अपघातातून, एकाच क्षणी, कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या जातींचे दावे उत्पन्न होतात. मृताच्या घरच्यांचा दावा व जखमी माणसाचा दावा यांत केवळ रकमेचा फरक आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. दावा कोणाचा, कशाबद्दलचा आणि कोणत्या कागदांवर उभा राहणारा, या तिन्ही बाबतींत हे दावे भिन्न आहेत.

जखमी माणसाचा दावा त्याचा स्वतःचा असतो. त्याचे शरीर दुखावले, त्याची मजुरी बुडाली, औषधपाण्याचा खर्च त्याला पडला, म्हणून भरपाई तो मागतो. मृत माणूस मात्र काही मागू शकत नाही. पूर्वी इंग्लंडच्या कायद्यात असे तत्त्व होते की, शरीराला झालेल्या इजेबद्दलचा हक्क माणसाबरोबरच संपतो. परिणामी पाय मोडणाऱ्यास भरपाई द्यावी लागे, पण जीव घेणाऱ्यास मृताच्या विधवेला काहीच द्यावे लागत नसे. ही विपरीत स्थिती तेथे १८४६ च्या कायद्याने दूर झाली. मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी १८५३ साली धावली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८५५ मध्ये, आपल्याकडे प्राणघातक अपघातांविषयीचा कायदा आला. त्या कायद्याने पती किंवा पत्नी, आईबाप व मुले यांच्यासाठी नवा हक्क निर्माण केला. हा हक्क मृताकडून वारशाने आलेला नाही. पोशिंदा गेल्यामुळे घराचे जे नुकसान झाले, त्याचा तो हक्क आहे.

रस्त्यावरील वाहनांच्या अपघातांपुरता आता १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू होतो. त्याच्या कलम १६६ अन्वये जखमीने स्वतः, अथवा मृत्यू झाला असल्यास त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींनी, मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो. अपघात झाला त्या ठिकाणी किंवा अर्जदार राहतो त्या ठिकाणी अर्ज करता येतो. देशावरून मजुरीसाठी पनवेलला आलेल्या कुटुंबाने ही सोय ध्यानी ठेवावी. ‘कायदेशीर प्रतिनिधी’ या शब्दाचा अर्थ १८५५ च्या यादीपेक्षा व्यापक आहे. मृताच्या भावालाही अर्ज करता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिला आहे. एका वारसाने अर्ज केला तरी बाकीच्यांची नावे त्यात आली पाहिजेत. थोरल्या मुलाने एकट्यानेच कागद करून विधवा आईचे नाव गाळल्याने पुढे घरातच तंटे होतात.

रकमेचा हिशेब पाहिला म्हणजे दोहोंतील भेद अधिक स्पष्ट होतो. समजा, ३८ वर्षांचा एक शेतकरी स्वतःच्या श्रमावर दरमहा १२,००० रुपये मिळवितो. घरात पत्नी, दोन मुले व वृद्ध आई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ मध्ये घालून दिलेल्या रीतीप्रमाणे, वय चाळिशीच्या आत असल्याने पुढील वाढीसाठी ४० टक्के मिळवून उत्पन्न १६,८०० धरावे. मृत्यूच्या दाव्यात त्यातून मृताचा स्वतःचा खर्च वजा होतो; अवलंबून माणसे चार ते सहा असल्यास हा भाग एकचतुर्थांश असतो. राहिले १२,६००. वर्षाचे १,५१,२०० झाले. या वयाला ठरलेला गुणक १५ आहे. म्हणून रक्कम २२,६८,००० रुपये होते. तीत अंत्यविधी, मृताच्या मिळकतीची हानी व प्रत्येक निकट आप्ताला सहवास गमावल्याबद्दल अशा ठराविक रकमा मिळवितात.

आता हाच शेतकरी वाचला, पण त्याचा एक पाय मांडीपासून गेला, असे समजू. इजेच्या दाव्यात स्वखर्चाची वजावट होत नाही. कारण माणूस जिवंत आहे आणि त्याला जेवावे लागणारच. येथे प्रश्न असतो तो त्याची कमावण्याची शक्ती किती घटली हा. डॉक्टरांच्या दाखल्यावरील टक्केवारी एका अवयवाची अथवा शरीराची असते, तर न्यायाधिकरण त्याच्या धंद्यावर झालेला परिणाम पाहते. हिशेबनिसाचा पाय गेला तर तो खुर्चीवर बसून काम करू शकेल. चिखलणी करणाऱ्याचे तसे नाही. ही घट ८० टक्के धरली गेली, तर १६,८०० च्या हिशेबाने रक्कम २४,१९,२०० रुपये होते. शिवाय उपचार, कृत्रिम पाय, सेवा करणाऱ्या माणसाचा खर्च व भोगलेल्या वेदना यांची भरपाई निराळी. म्हणजे कायमच्या पंगुत्वाची भरपाई मृत्यूपेक्षा अधिक होऊ शकते. कामावरील अपघातांच्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. १९२३ च्या कायद्यात मृत्यूसाठी मासिक वेतनाच्या ५० टक्के व कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी ६० टक्के धरून त्यास वयाच्या गुणकाने गुणीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे प्रमाण कायम ठेवले आहे. मळणी यंत्रावर मजूर लावणाऱ्या शेतकऱ्याने हे माहीत करून घेतलेले बरे.

शेतकरी मृत झाला असता विमा कंपनीचा वकील हटकून एक मुद्दा मांडतो: जमीन तर वारसांकडे राहिलीच आहे, मग नुकसान कसले? या आक्षेपात काही तथ्य आहे. सातबाऱ्यावरील सर्व उत्पन्न बुडाले असे म्हणता येत नाही. पण जमीन आपण होऊन पिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हे मान्य केले आहे की, शेती पाहण्यासाठी आता दुसरा माणूस ठेवावा लागेल, आणि तेवढी हानी धरली पाहिजे. म्हणून अशा घरी नुसता सातबारा जोडून भागत नाही. नांगरट, लावणी, पाणी, बाजार ही कामे मृत माणूस स्वतः करीत होता व आता त्यांसाठी मजुरी द्यावी लागते, याचा पुरावा हवा. मजुरीच्या पावत्या, अर्धेलीने जमीन दिली असल्यास तो करार, शेजाऱ्यांची साक्ष यांचा उपयोग होतो. गृहिणीचा मृत्यू झाल्यास ‘ती काही कमावत नव्हती’ असे लिहून देण्याची चूक तर कधीच करू नये. घरकामाचेही मोल न्यायालये धरतात, आणि लावणीत राबणारी स्त्री घरकामाखेरीज शेतीचेही काम करीत असते.

सर्वांत अधिक नुकसान होते ते दोन्ही दाव्यांच्या मधल्या प्रसंगात. जखमी माणूस इस्पितळातून घरी येतो, दोन-तीन महिने अंथरुणावर काढतो आणि मरण पावतो. घरची माणसे शोकात असतात. पोलिसांना कळविले जात नाही, शवविच्छेदन होत नाही, अंत्यसंस्कार उरकले जातात. पुढे मृत्यूचा दावा केला असता पहिलाच प्रश्न येतो: मरण त्या इजेमुळेच आले कशावरून? ताप, काविळ, हृदयविकार अशी अनेक कारणे पुढे केली जातात. हा दुवा सिद्ध झाला नाही, तर मृत्यूचा दावा टिकत नाही. अशा वेळी कार्यकर्त्याने घरच्यांना एवढे तरी सांगावे की, मृत्यू होताच पोलीस ठाण्यात खबर द्या व शवविच्छेदन करून घ्या. इस्पितळातून सुटी मिळताना दिलेला कागद, नंतरच्या तपासण्या व औषधांच्या चिठ्ठ्या एकत्र बांधून ठेवा.

मृत्यू अन्य कारणाने झाला तर इजेच्या दाव्याचे काय? १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे, ज्या इजेने मृत्यू आला नाही तिच्याबद्दलचा दावा माणसाबरोबर संपतो. मोटार अपघातांबाबत मात्र १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आलेल्या सुधारणेने हा नियम बदलला आहे. इजा व मृत्यू यांचा संबंध नसला तरी जखमीचा दावा त्याचे वारस चालवू शकतात. त्याच सुधारणेने अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. या मुदतीस आव्हान दिले गेले असून, केवळ तिच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तथापि अर्ज सहा महिन्यांतच करणे सुरक्षित. १८५५ च्या कायद्याखालील दिवाणी दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची आहे.

धडक देऊन वाहन पळून गेले व त्याचा पत्ता लागला नाही, तर मृत्यूस २ लाख व गंभीर इजेस ५०,००० रुपये मिळतात. त्यासाठी प्रांत अथवा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करावयाचा असतो. राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना याहून निराळी आहे. तीत चूक कोणाची हे पाहिले जात नाही, आणि सर्पदंश, वीज पडणे, बुडणे हेही अपघात धरले जातात. मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा.

वकिलाच्या खर्चाला भिऊन पुष्कळजण घरीच बसतात. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडून स्त्रिया, मुले व दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता वकील विनामूल्य मिळतो. म्हणजे विधवेला मृत्यूच्या दाव्यासाठी आणि पाय गमावलेल्या शेतकऱ्याला इजेच्या दाव्यासाठी तो मिळेल. तरुण मुलगा गमावलेल्या बापाने मात्र अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडावा.