चुकांचे दफ्तर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटात चित्रांची छोटी कार्डे घालण्याची प्रथा रूढ झाली. पाकिटाला ताठपणा यावा आणि संच पुरा करण्याच्या नादाने गिऱ्हाईक त्याच मालाकडे पुन्हा वळावे, असे दोन्ही हेतू तिच्यामागे होते. या प्रथेतून निघालेल्या बेसबॉलपटूंच्या संचांमध्ये १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या संचाला अढळ स्थान आहे. सुमारे ३.७ सेंमी रुंद आणि ६.७ सेंमी उंच अशा या कार्डांची परंपरेने मानलेली संख्या ५२४ असून संग्राहक त्यांना 'टी-२०६' म्हणतात. हे नाव कंपनीचे नव्हे. सिरॅक्यूजचे संग्राहक जेफरसन बर्डिक यांनी अमेरिकेतील छापील कार्डांची जी सूची रचली, तिच्यातील हा क्रमांक आहे. बर्डिक यांनी आपला तीन लाखांहून अधिक नगांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयाला दिला आणि संधिवाताने हात आखडत चालले असतानाही १९६३ मधील मृत्यूच्या थोडे आधीपर्यंत ते तो स्वतः वह्यांत चिकटवत राहिले.

ही कार्डे न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीत शिळामुद्रणाने छापली गेली. चरबीयुक्त शाई पाण्याला दूर ठेवते, या गुणावर चालणाऱ्या त्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र छाप तयार करून एकाच तावावर एकामागून एक रंग चढवावे लागत. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्यातील देवदेवतांची चित्रे याच तंत्राने निघत. बॉस्टनचे छायाचित्रकार कार्ल हॉर्नर यांच्यासारख्यांनी टिपलेल्या कृष्णधवल छबींना कारागिरांनी ठिपक्याठिपक्याने रंग दिले. त्यामुळे भिंगाखाली खेळाडूचा गाल पिवळ्या, गुलाबी आणि तपकिरी कणांत विरघळतो आणि तावाची जुळणी केसभर चुकली असेल तर ओठांची लाली हनुवटीवर उतरलेली दिसते.

एकाच कार्डाच्या प्रतींत आढळणाऱ्या फरकांची संग्राहक तीन प्रकारांत विभागणी करतात. छापखान्याने जाणूनबुजून मजकूर किंवा चित्र बदलले असेल तर तो भेद; छापात ओरखडा पडल्याने किंवा अक्षर झिजल्याने तीच खोट अनेक प्रतींवर उतरली असेल तर तो पुनरावर्ती दोष; आणि एखाद्याच तावावर शाई सांडली वा एखादा रंग चढलाच नाही, तर तो निव्वळ अपघात. याशिवाय प्रत्येक कार्डाच्या पाठीवर पीडमाँट, स्वीट कॅपोरल, पोलर बेअर, हिंदू अशा सोळा ब्रँडांपैकी एकाची जाहिरात असते. अनेक पाठींवर मालिकेत १५०, ३५० की ४६० खेळाडू आहेत याचा उल्लेख असल्याने छपाईचा टप्पाही कळतो.

पुढची बाजू आणि पाठ एकत्र वाचली की छापखान्याचा दिनक्रम उलगडू लागतो. फिलाडेल्फियाच्या शेरी मॅगी या खेळाडूचे आडनाव छापताना एक अक्षर चुकले आणि ते लवकरच दुरुस्त झाले. चुकीची प्रत केवळ १५० खेळाडूंच्या पीडमाँट पाठीवरच आढळते; मागे दुसरा ब्रँड असेल तर अक्षर खरवडून केलेली बनावट तिथेच उघडी पडते. जो डॉयल न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधील संघाचा गोलंदाज होता. परंतु त्याच शहराच्या नॅशनल लीगमधील संघात लॅरी डॉयल असल्याने गल्लत झाली आणि जोच्या नावापुढे नॅशनल लीगचा निर्देश छापला गेला. तो पुढे काढून टाकण्यात आला, म्हणूनच मूळ चुकीच्या प्रती आज अगदी हातावर मोजण्याइतक्याच ज्ञात आहेत. बिल ओहारा आणि रे डेमिट न्यूयॉर्क सोडून सेंट लुईसला गेल्यावर त्यांची कार्डे सुधारली गेली, आणि ती सुधारणा फक्त पोलर बेअरच्या पाठीवर मिळते.

सर्वांत विलक्षण काम मात्र तावाच्या पुनर्रचनेचे आहे. या संचाचा एकही न कापलेला पूर्ण ताव आजवर उजेडात आलेला नाही, त्यामुळे कोणते कार्ड कोणाशेजारी होते हे चुकांवरूनच ठरवावे लागते. खेळाडूचे नाव कार्डाच्या तळाशी असल्याने कापणी वर सरकली की वरच्या कडेला शेजारच्या कार्डाचे नाव डोकावते. अशा प्रतींत बहुधा तेच नाव दोन्ही टोकांना दिसते, यावरून एकच चित्र उभ्या रांगेत अनेकदा मांडले जात असे, हे सिद्ध होते. आडव्या शेजाऱ्यांसाठी पीडमाँट पाठींवरील बारीक ओरखडे कामी येतात: एका कार्डाच्या कडेला तुटलेली रेघ दुसऱ्या कार्डावर नेमक्या त्याच उंचीवर पुढे सुरू झाली की दोन्ही कार्डे एका तावावर लगत होती असे मानता येते. शेकडो पाठी ताडून अभ्यासकांनी अशा रेघा जोडत तावांचे काही भाग पुन्हा उभे केले आहेत.

या अभ्यासाची खरी अडचण बाजारातून येते. प्रतवारी करणाऱ्या संस्था नीट मध्यावर कापलेल्या, स्वच्छ कडांच्या प्रतीला वरचा दर्जा देतात आणि त्या दर्जावर किंमत चढते. साहजिकच कडा छाटण्याचा मोह होतो. सुमारे साठच प्रती ज्ञात असलेल्या होनस वॅग्नर या खेळाडूच्या कार्डांपैकी सर्वांत प्रसिद्ध प्रत २००७ मध्ये २८ लाख डॉलरला विकली गेली; तिची कड आपणच छाटली होती, अशी कबुली लिलावदार विल्यम मास्त्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयीन कारवाईत दिली. छाटणीत जी पांढरी किनार जाते, तिच्यावरच शेजारच्या नावाची टोके आणि ओरखड्यांची सुरुवात असते. म्हणजे किमतीसाठी नष्ट होते ते नेमके पुराव्याचे स्थान. उलट एखाद्या दोषाला नाव मिळून तो सूचीत गेला की त्याला मागणी येते आणि लाल रंग उन्हात उडवून 'रंग न चढलेली' प्रत तयार करणारेही पुढे येतात. दोष आणि भेद यांतील सीमारेषा छापखान्याच्या हेतूवर अवलंबून असल्याने आणि तो हेतू केवळ कार्डांवरूनच ताडावा लागत असल्याने, सूचीतील प्रत्येक नवी नोंद वादग्रस्त ठरते. या वादांचा निवाडा वेड्यावाकड्या, मळक्या आणि कोणी न सुधारलेल्या प्रतींच्या जोरावरच होऊ शकतो, आणि बाजाराच्या मोजमापात नेमक्या त्याच सर्वांत खाली पडतात.