एरंडोलात समुद्री मत्स्यटाकी लावताना

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला (१९५१) समोरच समुद्र होता. एरंडोलात तो घरीच बनवावा लागतो! बोअरचं जड पाणी नको. आरओचं घ्या आणि लिटरला साधारण ३५ ग्रॅम मत्स्यटाकीचं मीठ विरघळवा. स्वयंपाकाचं मीठ अजिबात चालत नाही.

मग दगड, पंप आणि किंचित अमोनिया. जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. बऱ्याच चाचणी-किटमध्ये नळीतलं पिवळं पाणी हिरवट झालं की अमोनिया आहे असं समजा. हे चक्र बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

खरी कसोटी आपल्या उन्हाळ्याची. पाणी तापलं की ऑक्सिजन घटतो, अमोनिया जास्त विषारी होतो. पाण्यावर पंखा सोडा. खान्देशच्या कोरड्या हवेत तो छान गारवा देतो. पण पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र मागे उरतं. म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याचीच घाला, खाऱ्या पाण्याची नको. हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास आकडा हवा.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत कृपा करून क्लाउनफिश आणू नका.